परदेशात अल्पकालीन ख्रिस्ती सेवेसाठी प्रथमच जाताना: नागपूरच्या मंडळ्यांतील सेवकांसाठी मार्गदर्शन

दहा-पंधरा दिवसांसाठी परदेशातील एखाद्या मंडळीच्या (चर्चच्या) मदतीला जाण्याचा विचार आपल्याकडे बहुधा एखाद्या अधिवेशनानंतर किंवा पाहुण्या सेवकाच्या संदेशानंतर पुढे येतो, आणि त्या उत्साहात पहिली चौकशी होते ती तिकिटाच्या दराची. खरे तर पहिली चौकशी याची व्हायला हवी की तिथल्या कोणत्या मंडळीने, कोणत्या कामासाठी आपल्याला बोलावले आहे. मंडळीचे नाव, गाव आणि काम या तिन्ही गोष्टी स्पष्ट सांगता येत नसतील, तर तिकीट काढण्याची घाई करू नये. पुढे दिलेले सारे मार्गदर्शन एका गोष्टीवर उभे आहे: परदेशातील ती सेवा तिथल्या मंडळीची आहे आणि आपण काही दिवस तिच्या हाताखाली राबायला जात आहोत. पासपोर्टपासून परतल्यावरच्या हिशेबापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

बोलावणे आणि पाठवणी

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवते आणि त्यांना पाठवते. १४ व्या अध्यायाच्या शेवटी ते दोघे परत येऊन त्याच मंडळीला एकत्र जमवतात आणि घडलेले सारे सांगतात. जाणारा स्वतःच्या मनाने निघालेला नसतो, त्याला पाठवणारे कोणी असते आणि परत आल्यावर त्यांच्यापुढे त्याला उभे राहायचे असते, ही शिस्त आजही तशीच पाळावी. म्हणून आपल्या पाळकसाहेबांशी आणि पास्टरेट समितीशी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीशी, निदान सहा महिने आधी बोलावे, समितीच्या सभेत ठराव घ्यावा आणि गटाचा प्रमुख लेखी नेमून घ्यावा.

यजमान मंडळीकडून येणारे पत्रही मोघम नसावे. 'आमच्याकडे या, प्रभूच्या कार्यात सहभागी व्हा' एवढ्याने भागत नाही. कोणते काम, किती दिवस, किती माणसे, राहण्याची सोय कुठे, दुभाषी कोण, आणि आपण निघून गेल्यावर ते काम तिथे कोण पुढे चालवणार, एवढे त्यात असले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पत्रात नसेल तर फोन करून विचारावे, कारण तिथला कोणी माणूस ज्या कामाला जोडलेला नाही ते काम आपल्याबरोबरच संपते.

कामाची निवड करताना एक कसोटी लावावी: हे काम तिथल्या माणसाला मजुरी देऊन करून घेता येते का? प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवायला नागपुरातून आठ जणांनी विमानाने जाण्यात अर्थ नाही. तेवढ्या पैशात गावातल्या रंगाऱ्याला काम मिळते आणि भिंतीही अधिक चांगल्या रंगतात. याउलट शब्बाथ शाळेच्या शिक्षकांचे चार दिवसांचे प्रशिक्षण, ढोलकी-हार्मोनियमची शिकवणी, मंडळीच्या जमाखर्चाची संगणकावरील मांडणी किंवा अनुभवी परिचारिकेने तिथल्या आरोग्यसेविकांबरोबर घेतलेले वर्ग यांचा उपयोग आपण परतल्यावरही टिकतो. ज्याच्या हातात असे एखादे कौशल्य आहे त्याला गटात प्रथम घ्यावे. ज्याच्याकडे ते नाही, परंतु शिकण्याची आणि पडेल ते काम करण्याची तयारी आहे, त्यालाही घ्यावे. मात्र गटाची संख्या सहा ते आठच्या पुढे जाऊ देऊ नये, नाहीतर यजमान बायाबापड्यांचा सारा दिवस आपल्यासाठी स्वयंपाक करण्यातच जातो.

नागपूरकरांना हे समजणे अवघड जाऊ नये, कारण आपण स्वतः कधीकाळी यजमान होतो. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे काम याच प्रदेशात चालले. मराठी शिकणे, शाळा चालवणे, गोंड समाजाची गीते आणि चालीरीती टिपून ठेवणे या कामांत त्यांची वर्षेच्या वर्षे गेली. आपल्या दहा दिवसांत तसे काही घडणार नाही हे मान्य करूनच निघावे. ज्यांनी तिथे वर्षे घालवली आहेत त्यांच्या कामाला दहा दिवस हातभार लावणे, एवढेच आपल्या आवाक्यात असते आणि तेवढे मनापासून केले तर पुरेसे असते.

त्या देशाचा कायदा

या टप्प्यावर नवख्या गटांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तो सविस्तर मांडतो. विदर्भातील गटांना नेपाळ सर्वांत सोपा वाटतो, कारण भारतीय नागरिकांना तिथे व्हिसा लागत नाही आणि खर्चही कमी असतो. परंतु नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील अनुच्छेद २६ अन्वये दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर करणे किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे; दोषी व्यक्ती परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर तिला देशाबाहेर काढले जाते. तेव्हा चौकात पत्रके वाटणे, शाळेच्या फाटकाशी मुलांना जमवून गाणी शिकवणे किंवा मदतीचे सामान वाटताना सभेचे आमंत्रण देणे हे प्रकार तिथे अजिबात करू नयेत. आपण विमानात बसून परत येतो. चौकशीला सामोरे जावे लागते ते तिथल्या पाळकाला आणि त्याच्या घरच्यांना. तिथल्या विश्वासी बंधुभगिनींना बळ देणे, शिकवणे आणि त्यांच्याबरोबर उपासना करणे यासाठी बोलावणे असेल तर त्या मर्यादेत मनापासून काम करावे, आणि मर्यादा नेमकी कुठवर आहे हे यजमान पाळकांनाच विचारावे.

इतर देशांच्या बाबतीत व्हिसाचा प्रकार तपासणे महत्त्वाचे असते. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर धार्मिक प्रवचन देणे चालत नाही, तर काही ठिकाणी बिनपगारी स्वयंसेवासुद्धा 'काम' धरली जाते. यजमान मंडळीने त्यांच्या देशातील नियमानुसार योग्य प्रकार कळवावा, आपण त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावर तो पडताळावा, आणि अर्जात प्रवासाचे कारण खरे लिहावे. 'सगळेच पर्यटक म्हणून जातात' असे सांगणारे एजंट नागपुरातही भेटतील. सुवार्तेच्या सेवेला निघालेल्या माणसाने इमिग्रेशनच्या खिडकीशी खोटे बोलावे, हे मला कोणत्याही कारणाने योग्य वाटत नाही.

कागदपत्रे

पासपोर्ट नसल्यास अर्ज लगेच करावा. विदर्भातील अर्जदारांसाठी प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपुरातच आहे. पासपोर्ट असल्यास परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने तो वैध राहतो ना, हे पाहावे. आपल्या समाजात एक अडचण नेहमी येते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग असते; विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींच्या बाबतीत तर चौथा कागद निघतो. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेण्यास आणि सारी कागदपत्रे एकसारखी करण्यास बरेच आठवडे जातात, म्हणून गट ठरला की पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने आपले सर्व दाखले टेबलावर मांडून नावांची अक्षरे ताडून पाहावीत.

नेपाळसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र यांपैकी एक मूळ स्वरूपात लागते. आधार कार्डावर प्रौढ व्यक्तीला जाता येत नाही. पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनाच ती सवलत आहे. नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूरला उतरून सोनौलीच्या सीमेवरून पायी पलीकडे जाणाऱ्या गटांनीही हे ध्यानात ठेवावे.

पैसा

अंदाजपत्रक करताना तिकीट, व्हिसा, विमा, लसी, तिथला प्रवास, राहणे-जेवणे आणि दुभाष्याचे मानधन यांची नोंद करून वर दहा टक्के राखीव ठेवावी. राहण्या-जेवणाचा खर्च यजमान 'नको' म्हणाले तरी द्यावा. पाहुण्यांसाठी कर्ज काढणारी मंडळी जगात सर्वत्र आहे. निधीसाठी महिला संघाचा खाद्यमेळा, उपासनेतील विशेष अर्पण किंवा कुटुंबांनी स्वेच्छेने दिलेली रक्कम हे मार्ग चांगले आहेत, परंतु प्रत्येक रुपयाची पावती फाडावी आणि पैसा कोणाच्याही वैयक्तिक खात्यात ठेवू नये. मंडळीचा ट्रस्ट आयकरातून सूट घेत असेल तर भारताबाहेर केलेल्या खर्चाला ती सूट सरसकट मिळत नाही, त्यामुळे ट्रस्टचा पैसा वापरण्यापूर्वी सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घेणे आवश्यक आहे.

परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. नेपाळ व भूतान वगळता इतरत्र जाताना भारतीय चलन पंचवीस हजार रुपयांपर्यंतच बाहेर नेता येते. नेपाळमध्ये शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये असा ठरलेला दर असतो, आणि शंभराच्या किंवा त्याहून लहान नोटा जवळ असणे सोयीचे जाते.

आरोग्य

निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांची भेट घ्यावी. टायफॉइड, हिपॅटायटिस आणि धनुर्वात यांच्या लसींविषयी तेच सांगतील. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी पूर्ण मुदतीची औषधे, त्यांची चिठ्ठी आणि आणखी आठवडाभराचा साठा हातातल्या बॅगेत ठेवावा.

पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्यांसाठी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस ही स्वतंत्र बाब आहे. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिलेल्या केंद्रातच ती घ्यावी लागते आणि तिथेच आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते आणि २०१६ च्या बदलानंतर ते आयुष्यभर चालते. युगांडात प्रवेशासाठीच ते मागतात. केनियात भारतातून थेट जाणाऱ्याला ते विचारले जाईलच असे नाही, आणि येथेच अनेकांची फसगत होते, कारण केनियातून भारतात परतताना आपले विमानतळ आरोग्य अधिकारी ते मागतात. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. गरोदर स्त्रिया, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि साठी ओलांडलेले यांनी ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतील, मात्र परतल्यानंतरही त्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्याच लागतात, आणि लोक नेमक्या तिथेच थांबतात. रुग्णालयाचा खर्च आणि आणीबाणीत मायदेशी आणण्याचा खर्च भागवणारा प्रवास विमा प्रत्येकाचा असल्याशिवाय गटाने निघू नये.

आपली तयारी

निदान आठ आठवडे, दर आठवड्याला एकदा, पूर्ण गटाने एकत्र बसावे. अर्धा वेळ पवित्र शास्त्राचा अभ्यास व प्रार्थना आणि अर्धा वेळ कामाचा सराव, अशी वाटणी ठीक पडते. या बैठकांना वारंवार दांडी मारणाऱ्याला प्रमुखाने प्रेमाने पण स्पष्टपणे थांबवावे. तिथे गेल्यावर तो बदलेल ही आशा सहसा फळत नाही.

भाषेची तोंडओळख करून घ्यावी. नेपाळी देवनागरीत लिहिली जात असल्यामुळे मराठी माणसाला तिथल्या पाट्या आणि गीतांचे शब्द पहिल्याच दिवशी वाचता येतात, आणि तिथल्या आजीबाईंच्या शेजारी बसून तिच्याच भाषेतले गीत तुटक का होईना गायले की जी जवळीक होते ती लांबलचक भाषणाने होत नाही. आफ्रिकेसाठी स्वाहिलीतील अभिवादन, आभार, संख्या आणि नात्यांचे शब्द पाठ करावेत.

साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव लोकांपुढे सांगणे, हा सरावाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण दुभाष्याबरोबर बोलताना आपली नेहमीची पद्धत चालत नाही. 'दरीतून काढून खडकावर उभे केले, अशा त्या प्रभूचे उपकार मी कोणत्या शब्दांत वर्णू' असे वाक्य ऐकून दुभाषी थबकतो, आणि मग स्वतःचेच काहीतरी सांगतो. त्याऐवजी असे बोलावे: 'माझ्या वडिलांचे दुकान बंद पडले.' थांबावे, दुभाष्याला बोलू द्यावे. 'दोन महिने घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते.' थांबावे. 'शेजारच्या काकू रोज संध्याकाळी येऊन आमच्याबरोबर प्रार्थना करीत.' एका वाक्यात एकच गोष्ट, ओळखीचे शब्द, आणि सारे मिळून चार मिनिटे. दुभाष्यासह ती आठ होतात. गटातील एकाने मराठीत बोलावे आणि दुसऱ्याने हिंदीत भाषांतर करावे, असा सराव तीन-चार वेळा केला की वाक्ये आपोआप आखूड होतात.

सामान

कपडे कमी, अंगभर आणि धुवून लवकर वाळणारे घ्यावेत. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, म्हणून चिवडा-शंकरपाळ्या कापडी पिशवीत किंवा डब्यात भराव्यात. नागपूरहून शारजा किंवा दोहामार्गे जाणाऱ्यांनी सावजी मसाला घरीच ठेवावा. त्यात बहुधा खसखस असते आणि आखाती देशांत खसखस बाळगणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधेही त्या मार्गाने नेण्यापूर्वी परवानगी तपासावी. वाटण्यासाठी जुन्या कपड्यांची गाठोडी नेऊ नयेत. कस्टममध्ये ती अडकतात, आणि घेणाऱ्याला आपण काय लेखतो हेही त्यातून दिसते. यजमानांना काही द्यायचेच असेल तर त्यांना विचारून तिथल्याच बाजारातून विकत घ्यावे.

तिथे पोहोचल्यावर

पहिला दिवस ऐकण्यासाठी राखावा. वेळापत्रक यजमान पाळकांचे असते; त्यांनी ते तीनदा बदलले तरी कपाळावर आठी दिसू नये. नेपाळमधील मंडळ्या आठवड्याची सुट्टी शनिवारी असल्याने मुख्य उपासना शनिवारी घेतात. अनेक ठिकाणी चपला बाहेर काढून चटईवर बसतात, आणि स्त्रिया व पुरुष वेगवेगळ्या बाजूंना असतात. आपण कुठे बसायचे हे विचारून बसावे. व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या असतील तर एक-दोघांनीच तिथे जावे आणि बाकीच्यांनी लोकांमध्ये बसावे.

लूकच्या १० व्या अध्यायात प्रभूने शिष्यांना सांगितले होते की पुढे वाढलेले खावे. पाणी मात्र उकळलेले किंवा बंद बाटलीचे आहे ना, हे नम्रपणे विचारण्यात संकोच करू नये. आजारी पडलेल्या पाहुण्याचा भार यजमानांवरच पडतो.

मुलांच्या बाबतीत नियम कडक असावेत. गटातील कोणीही मुलासोबत एकटे राहू नये, कोणत्याही मुलाला एकट्याने बाहेर नेऊ नये, आणि आईवडिलांच्या परवानगीवाचून फोटो काढू नये. अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात असेल तर तिच्याविषयी यजमानांशी आधीच बोलावे असे माझे ठाम मत आहे. तिथल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुलांना घरापासून दूर ठेवण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी वाढते, आणि दर महिन्याला नव्या दादा-ताईंना जीव लावून पुन्हा निरोप देणे त्या लेकरांना सोसत नाही. तीच मदत त्या कुटुंबांना एकत्र ठेवणाऱ्या तिथल्या मंडळीच्या कामाला द्यावी.

पैशाची मागणी वैयक्तिकरीत्या होईल, आणि ती खरीही असेल. तरी हातात नोट ठेवू नये. 'मी आमच्या प्रमुखांना सांगते' किंवा 'सांगतो' एवढेच म्हणावे, आणि प्रमुखाने ते यजमान पाळकांपुढे मांडावे. त्या कुटुंबाची परिस्थिती त्यांना ठाऊक असते. फोटो आणि चित्रफिती त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर टाकू नयेत. निर्बंध असलेल्या देशात गावाचे नाव आणि चेहरे दाखवणारा एक फोटो तिथल्या माणसाला महागात पडू शकतो. भारतीय दूतावासाचा आणीबाणीचा क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला असावा, कारण फोनची बॅटरी नको तेव्हा संपते.

रोज रात्री गटाने अर्धा तास एकत्र बसावे. कोणाला काय जड गेले, उद्या कोणी काय करायचे आणि कोणाशी तुटक बोलले गेले असल्यास क्षमा मागणे, एवढे त्यात होऊ द्यावे.

परतल्यावर

दोन आठवड्यांच्या आत संपूर्ण हिशेब पावत्यांसह पास्टरेट समितीला द्यावा आणि उरलेली रक्कम परत करावी. मंडळीपुढे निवेदन करताना तिथल्या गरिबीची वर्णने आणि आपल्या त्यागाच्या कथा टाळाव्यात. तिथल्या मंडळीकडून आपण काय शिकलो आणि त्यांनी कशासाठी प्रार्थना मागितली आहे, हे सांगावे. त्यांचा पाळक मागच्या बाकावर बसून आपले बोलणे ऐकत आहे असे समजून बोलावे, म्हणजे भाषा आपोआप नीट राहते.

परतल्यानंतर काही आठवड्यांत, किंवा काही महिन्यांनीसुद्धा, ताप आला तर डॉक्टरांना कोणत्या देशात गेलो होतो हे न विचारता सांगावे आणि हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे. नागपुरात पावसाळ्यात डेंग्यूचा संशय आधी येतो आणि प्रवासाची गोष्ट राहून जाते.

यजमानांना आभाराचे पत्र पहिल्या आठवड्यात जावे. तीन महिन्यांनी गटप्रमुखाने फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: शिकवलेले काम चालू आहे का, आणि आमच्या येण्याने तुम्हाला कोणता त्रास झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या फोनवर सहसा मिळत नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. जे कळेल ते लिहून समितीच्या दप्तरी ठेवावे आणि पुढच्या गटाच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवावे. यजमानांनी पुन्हा बोलावले तर पुढच्या वर्षी नवा देश शोधण्यापेक्षा त्याच मंडळीकडे जावे, आणि त्यांच्यापैकी दोघांना नागपूरला येण्याचे निमंत्रण देऊन त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी.